दोन रात्रींची अट

सामना शनिवारी अडीचला,
त्यांच्या गावात, त्यांच्या मैदानावर.
खोल्या सगळ्या मार्चमध्येच गेल्या,
फोनवरची पोरगी म्हणाली,
जणू खोल्यांना पाय फुटले होते.

एक उरलीय, स्टेडियमसमोर.
पण दोन रात्री घ्याव्याच लागतील,
रात्रीचे चारशे अठरा डॉलर, नाश्ता धरून.
मी विचारलं, नाश्त्याला अख्खी गाय देता का?
ती हसली नाही.
विनोदही शिळाच होता.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला,
कागदाचा, घड्यांवर फाटलेला,
कॉफीच्या कपाने आयोवाचा कोपरा दाबला
आणि त्या गावाभोवती बोट फिरवत राहिलो,
दर फेरीला थोडं लांब.

एकोणीस मैल. धान्याच्या कोठारांशेजारचं मोटेल.
मालक म्हणाला, खरं सांगतो, हंगाम आहे,
ड्रायर रात्रभर घुमतात, मक्याचा भुसा उडतो,
दमा असेल तर येऊ नका.
दमा नाही मला. पण इतका खरा माणूस
पहाटे तीनला आणखी काय काय सांगेल,
कोण जाणे.

चौतीस मैल. चर्चमागचं कुरण.
तंबू ठोका, वीस डॉलर, सफरचंदाची पाई वेगळी.
नोव्हेंबर. माझे गुडघे.
पाईपाशी बोट जरा रेंगाळलं, एवढंच.

बासष्ट मैल. हायवेच्या तोंडाशी, ट्रकथांब्यावर.
खोली आहे. एक रात्र चालेल. अठ्ठावन्न.
सामन्यानंतर अंधारात बासष्ट मैल,
रस्त्यावर हरणं
आणि डोक्यातही हरणंच.
अकरा वर्षं आम्ही तिथे हरतोय.
तरी पैसे भरून टाकले. परत मिळणार नाहीत,
हे त्याने दोनदा सांगितलं.

खरं तर मी सामन्याला जातच नाही.
मार्नी बँडमध्ये आहे, सुसाफोन वाजवते,
चाळीस पौंड पितळ अंगाभोवती गुंडाळून
मध्यंतरात नऊ मिनिटं चालते.
वरून सगळी पोरं सारखीच, टोप्या, तुरे.
मी चालीवरून ओळखतो:
डावा पाय किंचित उशिरा पडतो.
तो माझा पाय आहे.

शून्य मैल.
तिथून बोट मी उचलूनच धरलं होतं.
त्या गावात, जुन्या लोणी-कारखान्यामागे,
जोलीन राहते. सात वर्षं झाली.
आणि गारलंड,
ज्याच्यात नाव ठेवायला जागा नाही.
मी शोधून पाहिलीय.

गुरुवारी फोन आला, त्याचाच.
तळघरात पलंग आहे. हीटर आहे. दार नीट लागतं.
तू घोरतोस म्हणे.

म्हणे.
म्हणजे कधीतरी, बटाटे वाढता वाढता,
माझ्या एकोणीस वर्षांच्या रात्री
त्या घरात सहज बोलून झाल्या.

बघतो, म्हटलं.
तो म्हणाला, एकच रात्र राहा हवं तर,
आमच्याकडे दोनची अट नाही.
हसू आलं मला. यायला नको होतं.

शुक्रवारी निघालो तेव्हा ठरलं नव्हतं.
चौतीस मैलांवर थांबून पाई घेतली,
रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.
कुणाकडे जायचं, ते मी स्वतःला विचारलं नाही.
पाई देणाऱ्या बाईने माझ्या जाकिटाचा रंग पाहिला,
म्हणाली, बिचारे, आणि सुटे पैसे घेतले नाहीत.

आता त्यांच्या घरासमोर उभा आहे.
पायरीवर भोपळा, त्यांच्या संघाच्या रंगात रंगवलेला.
तळघराच्या खिडकीत, जमिनीलगत, दिवा लागलाय,
आणि कुणीतरी उशी अभ्र्यात कोंबतंय,
हनुवटीखाली धरून.
ती पद्धत मला माहीत आहे.

इंजिन चालूच आहे.
मांडीवर पाई, अजून कोमट.
जाकीट काढावं की नाही,
एवढंच ठरवायचं राहिलंय.